ग्रोव्हरला पुरून उरेल असा कॅमेरा

३ मे

सेवेरो म्हणतो, एवढी आग ओकायची असेल तर कागदावर ओक, माझ्या सूपमध्ये नको. नवऱ्याचा हा पहिलाच सल्ला मी मानतेय. तर लिहिते.

काल शिंप्याच्या मुलीचं लग्न होतं. मुलीकडून फोटो काढायला मी, मुलाकडून ग्रोव्हर लिमाची. कित्येक वर्षं आम्ही दोघांनी एकाच स्टुडिओत काम केलं. माझ्या धाकट्याचे पहिले केस कापले तेव्हा कात्री ग्रोव्हरच्याच हातात होती, म्हणून तो माझा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून जड. दोन वर्षांपूर्वी तो "स्वतःचं काही करून बघतो" म्हणत वेगळा झाला. मोठा फुल-फ्रेम कॅमेरा घेतला आणि अर्ध्या एल आल्तो शहराची लग्नं घेऊन गेला.

काल हॉलमधले दिवे मंद झाले आणि माझ्या जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली. फ्लॅश मारला की नवरी पिठात बुडवून काढलेली, नाही मारला तर फोटोभर दाणेच दाणे. नवरीची आई माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "अगं बाई, माझी पोरगी वाळूत पुरलीस की काय?" ग्रोव्हर शेजारीच उभा होता. हसत म्हणाला, "कोमाद्रेंचे फोटो ओळखपत्राला लावा हो. सरकारसुद्धा नाही म्हणणार नाही!" सगळं टेबल हसलं. बँडवाल्याने ट्रंपेट खाली ठेवलं आणि तोही हसला.

मीही हसले. कोम्पाद्रेशी चारचौघांत भांडायचं नसतं. पण घरी येईपर्यंत दात-ओठ खाऊन जबडा दुखायला लागला होता. या माणसाची मी जिरवणार, आणि तीही चारचौघांतच.

९ मे

खाली ला पाझ शहरात गेले, कॅमेऱ्यांच्या गल्लीत. फिदेल यांच्या दुकानात फुल-फ्रेम हातात घेतला. जड आहे, चांगलं वजन आहे. दुकानातल्या सगळ्यात काळोख्या कोपऱ्यात, खोक्यांच्या ढिगाआड, मी त्यांच्या मांजरीचा फोटो काढला. मिशीन् मिशी मोजून घ्यावी असा आला. दाणा नाही, डाग नाही. माझ्या कॅमेऱ्यात तिथे मांजर आहे की पोतं, हेही कळलं नसतं.

"आतला सेन्सर मोठा, म्हणून उजेड जास्त पितो," फिदेल म्हणाले. "आणि हे भिंग लावलंत की माणूस लख्ख आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. सिनेमात असतं ना, तसं."

किंमत विचारली. मग बाहेर येऊन खिम्याच्या सारणाची एक गरम सालतेन्या खाल्ली आणि पुन्हा आत जाऊन तीच किंमत परत विचारली. कमी झाली नव्हती.

१० मे

सेवेरोला सांगितलं. तो पाव चहात बुडवत होता, तो तसाच बुडवून बसला.

"तेवढ्या पैशांत माझ्या मिनीबसला नवं इंजिन येतं," तो म्हणाला.

"तुझं इंजिन चालतंय ना अजून?"

"चालतंय. म्हणजे उतारावर चालतं."

"मग?"

"मग काही नाही. बँकेतले पैसे दोघांचे आहेत, एवढंच म्हणतोय. तू ठरव."

असा आहे हा माणूस. भांडला असता तर बरं झालं असतं, मला हट्टाला पेटता आलं असतं. "तू ठरव" म्हटलं की सगळं माझ्या डोक्यावर.

२१ मे

ठरत नाही. फुल-फ्रेम घेतला तर हॉलमधली लग्नं परत मिळतील का? का लोक तरीही ग्रोव्हरकडेच जातील, कारण तो गोड बोलतो आणि नवरीच्या आजीबरोबर नाचतो? आणि खरं सांगायचं तर मला लग्नं हवीत की ग्रोव्हरचं पडलेलं तोंड हवंय? आज बटाटे सोलताना यावर विचार केला. दोन्ही हवं. पण एकच मिळणार असेल तर तोंड.

४ जून

देव आहे! दोन्या कासिल्दा, म्हणजे कासिल्दाबाई, आपणहून माझ्या स्टुडिओत आल्या. फ्रीज आणि वॉशिंग मशिनं विकून ज्यांनी चार मजली घर बांधलं, वर रंगीत काचांचा हॉल काढला, त्याच. यंदा मोहल्ल्याच्या कुमारीमातेच्या उत्सवाचं यजमानपद त्यांच्याकडे आहे. तीन बँड, शेकडो नाचणारे, आणि बीअरच्या पेट्या किती येतील त्याला गणतीच नाही. फोटो मी काढायचे!

"गेल्या साली माझ्या बहिणीकडे ग्रोव्हर होता," त्या म्हणाल्या. "पुन्हा त्याचं नाव काढू नकोस. घोटाळा करून ठेवला नुसता."

कसला घोटाळा, ते मी विचारलं नाही. त्या क्षणी मला एवढं गोड वाटत होतं की मध्ये बोलवेना. त्या जाताना मीच वर म्हणाले, "आता त्याचा हात पूर्वीसारखा राहिला नाही हो." थोडं जास्तच बोलले. बोलले तर बोलले. तो काय कमी बोलला होता?

"पण फोटो मासिकातल्यासारखे हवेत हं," दोन्या कासिल्दा दारातून म्हणाल्या. म्हणजे फुल-फ्रेमच.

६ जून

ग्रोव्हरचा फोन. बातमी पोचलेली दिसतेय, नाकाला मिरच्या झोंबल्या असणार.

"कोमाद्रे, कासिल्दाबाईंचं काम घेतलंत म्हणे. अभिनंदन. एक सांगू का? त्यांच्याकडे पेट्यांच्या वेळी..."

"मला काम शिकवू नका, कोम्पाद्रे," म्हणाले आणि ठेवून दिला. मग आनंदाने आणखी एक चहा टाकला.

२४ जून

सान हुआनच्या सणाची थंडी, आमच्याकडे वर्षातली सगळ्यात वाईट. पहाटे खाली खरखर, धडधड आणि शिव्या ऐकून जाग आली. सेवेरो आणि शेजारचा दोघं मिळून मिनीबस ढकलत होते. तासभर तरी ढकलली असेल. आत आला तेव्हा त्याची बोटं चहाच्या पेल्याभोवती वळत नव्हती. एवढा आवाज करायची काय गरज होती कळत नाही, माझी झोप मोडली ती मोडलीच. पडल्या पडल्या उत्सवाच्या दिवशी कुठे उभं राहायचं, ते मनात ठरवून टाकलं.

१२ जुलै

मध्यम मार्ग निघाला. फिदेल कॅमेरा आणि ते मोठं भिंग आधी भाड्याने द्यायला तयार झाले. घ्यायचं ठरलं तर भाडं किमतीतून वजा. अनामत म्हणून बँकेतल्या पैशांचा मोठा भाग त्यांच्याकडे ठेवला. गेले काही दिवस सेवेरो मिनीबस रात्री चढावरच्या चुलतभावाकडे ठेवून चालत घरी येतो. विचारलं तर म्हणाला, "पाय मोकळे होतात."

११ ऑगस्ट

कॅमेरा घरी! दुपारभर सराव केला. सेवेरोला खिडकीशी बसवलं, मागे रस्ता, त्याची मिनीबस, डोंगर. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं आणि काढला. जादू हो! सेवेरोचे डोळे असे आले की सोळा वर्षांच्या संसारात मी ते इतके नीट पाहिले नसतील. दमलेले दिसतात, पण फोटोत दमलेले डोळे शोभतात. मागचं सगळं वितळून गेलं होतं.

त्याने फोटो बराच वेळ पाहिला. "छान आहे. पण माझे कान कुठे गेले?"

"ते मुद्दाम असतं. कला असते ती."

"आणि मिनीबस?"

"ती मागे आहे ना, म्हणून."

"हं," तो म्हणाला. "मला वाटलं, विकली की काय."

याला कलेतलं काय कळतंय!

१६ ऑगस्ट

पाय सुजलेत, गरम पाण्यात ठेवून लिहितेय. पण आज मी राणी होते.

दुपारी पेट्या यायला लागल्या. प्रत्येक पाहुणा बँड घेऊन, बीअरच्या पेट्या खांद्यावर नाचवत आला. रस्त्यात पेट्यांची भिंत उभी राहत गेली. भिंतीपुढे देणारं कुटुंब आणि दोन्या कासिल्दा नवऱ्यासह, डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे, गळ्यात हार. मी भिंगाचं तोंड उघडं ठेवलं, डोळ्यावर नेम धरला आणि एकामागून एक काढत सुटले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर असे दिसत होते की पोरीबाळी येऊन बघून जात होत्या.

ग्रोव्हरही होता, नाचणाऱ्यांच्या पथकातून आलेला. जड पोशाखात घामाघूम. बायकोला बाजूला बसवून हा पेट्यांच्या आसपास घुटमळत राहिला, सारखा मोबाईल वर काढून. माझे कोन चोरत होता. एकदा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "कोमाद्रे, इथे तरी मागचं नीट येऊ द्या. ॲपर्चर बंद करा जरा, भिंगाचं तोंड लहान करा."

"मागचं नीट यायला मी काय ओळखपत्राचे फोटो काढतेय?" मी म्हणाले. मुद्दाम मोठ्याने. दोघं-तिघं हसले. त्याचं तोंड पडलं. मुखवटा हातात होता, तो उगाच पुसत निघून गेला.

साडेतीन महिने मी या क्षणासाठी जगले. वाटलं होतं त्याहून लवकर संपला.

१९ ऑगस्ट

संध्याकाळच्या मिरवणुकीचे फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे रागाच्या भरात नाकारणार नाही: असे फोटो मी जन्मात काढले नव्हते. मेणबत्त्यांच्या उजेडात म्हाताऱ्या नाचणारीच्या गालावरचा घाम दिसतो. हा कॅमेरा पैशाला पुरेपूर आहे. उद्या-परवा फिदेलना सांगून टाकते की घेतला.

२३ ऑगस्ट

लिहू नये असं वाटतंय. लिहितेच.

अल्बम घेऊन दोन्या कासिल्दांच्या घरी गेले. त्यांनी चहा-पेस्ट्री मांडली, बहिणीला बोलावलं, चष्मा लावला. मिरवणुकीची पानं बघून डोळे पुसले. मग पेट्यांची पानं आली.

एक पान. दुसरं. तिसरं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एलोदिया, पेट्या कुठे आहेत?"

"या काय, मागे," मी बोट ठेवून दाखवलं.

"हे मागे धुकं आहे. एउलालियाने किती आणल्या? साठ की चाळीस?"

मी वाकून पाहिलं. एउलालियाबाईंची पापणीन् पापणी दिसत होती. मागे पिवळट, गोलगोल, वितळलेलं काहीतरी. साठ असतील, चाळीस असतील, पिवळ्या रंगाची भिंतही असेल.

"लिहून घेणारा भाचा होता ना तुमचा?" मी विचारलं.

"तो तिसऱ्या बँडपर्यंत पिऊन पडला होता! म्हणून तर फोटो असतात, बाई! एउलालियाच्या मुलाचं लग्न नोव्हेंबरात आहे. तिने साठ आणल्या असतील आणि मी चाळीस परत नेल्या, तर या मोहल्ल्यात मला तोंड दाखवायला जागा उरेल का? आणि ही बँडची पाटी कुणाची? मारियाच्या भावाचा बँड की तिच्या दिराचा? काहीच वाचता येत नाही!"

बहीण म्हणाली, "हेच केलं होतं गेल्या साली ग्रोव्हरने. अगदी हेच. मी अजून तिघींशी बोलत नाही त्यापायी."

"मासिकातल्यासारखे हवेत म्हणाला होतात तुम्ही," मी म्हणाले.

"मासिकातल्या बाईला पेट्या परत करायच्या असतात का गं?"

पेस्ट्री तशीच राहिली. सोळा वर्षांची होते तेव्हापासून मी पेट्यांपुढे माणसं उभी करतेय. घेतलं तेवढंच परत करायचं, एकही कमी नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं इथे. माझ्या जुन्या, रडक्या कॅमेऱ्यात पेटीवरचं लेबलसुद्धा वाचता यायचं. आणि मी काय केलं? ग्रोव्हरला दाखवायला म्हणून दिवसभर भिंगाचं तोंड उघडं ठेवून हिंडले. मोठा सेन्सर मागचं किती जास्त गिळतो, हे मला माहीत नव्हतं थोडंच? चांगलं माहीत होतं.

२४ ऑगस्ट

ग्रोव्हरला माहीत होतं. त्याने मला पडू दिलं. फोनवर ओरडून सांगायला काय झालं होतं? मी फोन ठेवला तर परत करता येत नाही का? हात धरून ॲपर्चर बंद करता येत नव्हतं? आता मोहल्लाभर हसत फिरत असेल.

सेवेरो म्हणाला, "त्याने दोनदा सांगितलं असं तूच म्हणालीस."

सेवेरोशी आज बोलत नाही.

२६ ऑगस्ट

दोन्या कासिल्दांचा फोन. मी तीनदा वाजू दिला, शिव्या खायची तयारी करून उचलला.

"अगं, पेट्यांचे फोटो मिळाले! साठच होत्या गं एउलालियाच्या! आधीच सांगायचंस ना, दुसरा माणूस ठेवला होतास म्हणून. माझा जीव टांगणीला लागला होता."

"कोणता दुसरा माणूस?"

"ग्रोव्हर आला होता ना काल पाकीट घेऊन. 'कोमाद्रेंनीच मला पेट्यांवर उभं केलं होतं, पाकीट द्यायला उशीर माझ्याकडूनच झाला,' म्हणाला. एकन् एक पेटी मोजता येते बघ. उरलेले पैसे घेऊन जा."

मी "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं आपटलं. मग दुसरं.

हा माणूस! याला वाटतं तरी काय? मला उपकारात पुरून टाकलं! थोबाडीत मारली असती तर मी परत मारून मोकळी झाले असते. आता मी त्याचं एक अख्ख्या दिवसाचं देणं लागते, आणि सगळा मोहल्ला मला शाबास म्हणतोय. यापेक्षा मोठा सूड मला सुचला नसता. त्याला कसा सुचला?

२८ ऑगस्ट

त्याच्या स्टुडिओत गेले. लहानशी खोली आहे. दोन वर्षांत मी पाय ठेवला नव्हता. भिंतीवर आमच्या जुन्या स्टुडिओचा पडदा, तोच, धबधब्याचा. मला वाटलं होतं फेकला असेल.

"का केलंत?" मी दारातूनच विचारलं.

"बसा तरी, कोमाद्रे."

"बसायला आले नाही. का केलंत?"

त्याने खांदे उडवले. "गेल्या साली मी याच खड्ड्यात पडलो. कासिल्दाबाईंच्या बहिणीने मला हाकललं. तेव्हा सांगणारं जवळ कुणी नव्हतं. पूर्वी तुम्ही होतात. 'ग्रोव्हर, पेट्या!' असं ओरडायचात."

"मी ओरडायचे, कारण तुमचं लक्ष नाचणाऱ्या पोरींकडे असायचं."

"तेच म्हणतोय. शिंप्याच्या लग्नात मी वाईट बोललो, कोमाद्रे. पोटात दोन ग्लास होते आणि सगळे हसत होते."

माफी मागून मला हरवायला निघाला होता. मी तो विषय तिथेच कापला.

"एक दिवस तुम्ही माझ्यासाठी राबलात. एक दिवस मी तुमच्यासाठी राबणार. कधी आहे तुमचं पुढचं काम?"

"अहो, त्याची काही..."

"कधी?"

"चौदा सप्टेंबर. लग्न आहे, मोठं."

"येते. पण फोटो मी काढणार, तुमच्या फुल-फ्रेमवर. तुम्ही दिवा धरायचा. आणि कुणी विचारलं तर फोटो कोणाचे ते खरं सांगायचं, मोठ्याने."

"दिवा?" तो म्हणाला.

"दिवा."

हसला मेला. मला वाटलं होतं चिडेल.

३० ऑगस्ट

कॅमेरा फिदेलना परत केला, भाडं कापून अनामत घेतली. ते म्हणाले, नाही आवडला का? म्हटलं, खूप आवडला, पण अजून नीट पारखायचाय, आणि पारखायला मला एक फुकटातला मिळालाय. पैसे सेवेरोच्या हातात दिले. इंजिनासाठी म्हणून सांगितलं तर तो बाहेर जाऊन मिनीबसच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ. एवढी थंड होती का ती?

१४ सप्टेंबर

दिवसभर काढले. हॉलमध्ये भिंगाचं तोंड उघडं, पेट्यांपुढे बंद, आणि बंद करताना दोघंही एकदम ओरडलो, "पेट्या!" नवरीच्या वडिलांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून विचारलं, "ग्रोव्हर, हे तुझे?"

"नाही हो," तो म्हणाला. बँडच्या वरताण आवाजात, मागच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असा. "हे कोमाद्रे एलोदियांचे. यांनीच मला शिकवलं. मी नुसता दिवा धरतो."

कितीतरी माना वळल्या. मला काय करावं कळेना, म्हणून कॅमेऱ्यात डोकं घातलं. भिंग पुसल्याशिवाय काही दिसत नव्हतं. पुसलं तरी दिसेना.

तो काठीवरचा दिवा डोक्यावर धरून उभा होता. जड असतो तो. तासाभराने त्याचा हात थरथरायला लागला, मला दिसत होतं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, खाली ठेवू का म्हणून.

मी म्हणाले, "अजून वर, कोम्पाद्रे."